वाळवंटात फॉरेस्टर फार!

अबुधाबीत इतकी वर्षं काढून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एखाद्या ऑफिसात ॲडमिनच्या खुर्चीवर बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि कान उघडे. बाकीचं लोक आपणहून आणून देतात! दर गुरुवारी आमचा चार घरांचा ग्रुप खलिफा सिटीत कुणाकडे तरी जेवायला जमला, की पहिला घास पोटात जायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय वहिनी, जंगल काय म्हणतंय?" मी एक सांगायला घेते, त्याला लागून दुसरा येतो, भात गार होतो आणि माझा नवरा करवादतो, "अगं शुभदा, लोकांना जेवू दे!" जेवा की! मी काय कुणाचा हात धरलाय?

तर आमच्या कंपनीचा धंदा जंगलाचा. हसू नका. वाळवंटात जंगल असतं, आणि ते सरकारनं मुद्दाम लावलेलं असतं. घाफ म्हणजे आपली शमी, सिदर म्हणजे आपली बोर. ओळीनं लावलेली हजारो झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी पाण्याची नळी, भोवती तारेचं कुंपण आणि आत हरणं. नळी बंद पडली की जंगल बंद पडलं! अशा जंगलांची देखभाल कंत्राटानं देतात, आणि ते कंत्राट आमच्याकडे होतं.

कसं होतं, विचारा. आम्ही मुळात दुबईत व्हिलांच्या बागा करायचो. लॉन, कारंजी, झाडाखालचे दिवे. २००८ ला दुबईत मंदी आली आणि व्हिला बांधणारेच पळाले, तर बागा कुणाच्या करणार? मग आमचे मालक अबुधाबीला आले, जंगलाचं कंत्राट घेतलं आणि गुरुवारपर्यंत कारंजी विकणारी सगळी माणसं रविवारी फॉरेस्टर झाली. मधले शुक्रवार-शनिवार सुट्टीचे होते, नाहीतर शुक्रवारीच झाली असती!

*

आमचे जनरल मॅनेजर खानोलकर साहेब. मूळचे पार्ल्याचे. त्याआधी त्यांनी ऑफिस फर्निचर विकलं, त्याआधी फोटोकॉपी मशिन. माणूस हुशार, म्हणजे बोलण्यात. समोरच्याला खुर्ची विकताना ती खुर्ची आपणच शोधून काढली असं सांगायचे.

जंगल मिळाल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं? पंप तपासले? झाडं मोजली? छे! कार्ड छापली. 'चीफ फॉरेस्टर'. मुसफ्फातल्याच प्रेसवाल्याला सांगितलं, "जरा जंगलाचा फील दे." त्या बिचाऱ्यानं कॉम्प्युटरवर जंगल शोधलं आणि मिळालं ते टाकलं. सूचिपर्णी झाडं, त्यावर बर्फ, आणि खाली फांद्यांएवढ्या शिंगांचं एक सांबर!

मी म्हटलं, "साहेब, हे बर्फ?"

"शुभदा, डोंट बी निगेटिव्ह. क्लायंटला फ्रेश वाटलं पाहिजे."

बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री होतं. ती कार्डं त्यांनी दोन वर्षं वाटली, आणि एकानंही काही विचारलं नाही, कारण घेणाऱ्यांच्या कार्डांवरही असलंच काहीतरी होतं.

*

मग क्लायंटकडे, म्हणजे जंगलाच्या सरकारी खात्यात, डॉक्टर उस्मान आले. सुदानचे, उंच, सावकाश बोलणारे, आणि खरोखरचे फॉरेस्ट्रीतले डॉक्टर. आयुष्य झाडांत काढलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी सगळ्या कंत्राटदारांना एक सर्क्युलर काढलं. 'फॉरेस्टर' ही पदवी आहे, टोपणनाव नाही. ज्याच्याकडे फॉरेस्ट्रीची ॲटेस्टेड डिग्री आहे, ज्याचा इंटरव्ह्यू आम्ही घेतलाय आणि ज्याच्या व्हिसावर त्या शिक्षणाला साजेसं पद आहे, त्यानंच ती लावायची. कार्डावर, ईमेलखाली, हेल्मेटवर, कुठेही दुसऱ्या कुणी लावली तर दंड!

दंडाचा आकडा खानोलकर साहेबांनी मनातल्या मनात रुपयांत करून पाहिला आणि पाणी मागवलं.

ऑफिसात एकूण फॉरेस्टर निघाले अकरा. ड्रायव्हर धरून! त्यातल्या दहांची पदवी त्या दिवशी दुपारी मी माझ्या हातानं कॉम्प्युटरवरून पुसली. अकराव्याचं पुढे सांगते. खरं सांगू, इतकं समाधान मला पगाराच्या दिवशीही झालेलं नव्हतं.

पण हार मानतील ते खानोलकर कसले! सर्क्युलरमध्ये 'फॉरेस्टर' बंद आहे ना? मग त्यांनी बाकीचे शब्द काढले. स्वतः झाले 'डायरेक्टर, ग्रीन ॲसेट्स'. आमच्याकडे एक शिर्के होता. मंदीच्या आधी दुबईत फ्लॅट विकायचा, तेही न बांधलेले. नोकरी गेल्यावर दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि कारपूल करून रोज मुसफ्फाला यायचा. पानाला पान म्हणून ओळखेल एवढीच त्याची झाडांशी ओळख. त्याला केलं 'ट्री पोर्टफोलिओ मॅनेजर'.

पुढच्या मीटिंगला डॉक्टर उस्माननी शिर्केचं कार्ड हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हा माणूस काय करतो?"

"सर, ही मॅनेजेस ऑल द ट्रीज!" खानोलकर अभिमानानं म्हणाले.

"असं?" डॉक्टर म्हणाले. "झाडांना माहीत आहे का?"

*

आता अकरावा. महेश घाडी. कणकवलीकडचा. बी.एस्सी. फॉरेस्ट्री, रीतसर चार वर्षं शिकलेला, आणि आमच्या सबंध कंपनीत झाडाकडे बघून त्याला काय होतंय ते सांगणारा एकटा. स्वभावानं फटकळ. साहेबाला साहेब म्हणायचा, पण तोंड असं करून की त्यापेक्षा न म्हटलेलं बरं.

आणि या माणसाच्या व्हिसावर पद काय? 'स्टील फिक्सर'! म्हणजे सळ्या बांधणारा. का? तर तो आला तेव्हा मालकांच्या जुन्या बांधकाम कंपनीतला तोच एक व्हिसाचा कोटा रिकामा होता. "सध्या ये यावर, सहा महिन्यांत बदलू," खानोलकरांनी सांगितलं होतं. मग मंदी आली, नवे कोटे बंद झाले, आणि फॉरेस्ट्रीचा पदवीधर कागदोपत्री सळ्या बांधत राहिला.

तुम्ही म्हणाल, पदात काय आहे? अहो, इथे पदातच सगळं आहे! तेव्हा कुटुंब आणायचं तर पगार बघायचेच, पण आधी व्हिसावरचं पद बघायचे. लेबर क्लासमधलं पद असलं की बायकामुलांचा व्हिसा नाही. खलास. घाडीची बायको मनाली गावी, आणि मुलगी सई, जी तो इकडे आल्यावर जन्मली. दोन सुट्ट्यांत मिळून बाप तिला महिना-दीड महिना दिसला असेल. त्या माणसाला दुसरं काही नको होतं. पद बदला, मला माझी माणसं आणू द्या, एवढंच त्याचं मागणं.

एकदा वाळवंटातल्या लिवाच्या वाटेवर पोलिसानं त्याची पिकअप अडवली. पाठीमागे नळ्या, रोपं, खताच्या गोण्या.

"कुठे निघालास?"

"जंगलात."

"काय काम करतोस?"

"फॉरेस्टर आहे."

पोलिसानं लेबर कार्ड पाहिलं. "इथे तर स्टील फिक्सर लिहिलंय. जंगलात स्टील कुठून आलं?"

"कुंपणाला, साहेब!" घाडी म्हणाला. पोलीस हसला आणि सोडलं. घाडी मात्र ऑफिसात येऊन माझ्यासमोर मटकन बसला. म्हणाला, "मॅडम, आज कुंपणान वाचवला. सई मोठी झाल्यावर तिका काय सांगू? बापूस कुंपण बांधता?"

*

आमचे पी.आर.ओ. बशीरभाई, कालिकतचे. व्हिसा, लेबर कार्ड, सगळी सरकारी धावपळ त्यांची. दर रविवारी सकाळी आठवडा सुरू झाला की घाडी माझ्या टेबलाशी हजर.

"मॅडम, माझं पद?"

मी बशीरभाईंकडे बघायची. बशीरभाई छताकडे बघायचे. "इन्शाल्ला."

आता या शब्दाचे किती अर्थ होतात ते इथे राहिलेल्यालाच ठाऊक. बशीरभाईंनी तो मान डोलवून म्हटला तर काम होणार. हात वर करून म्हटला तर बघू. आणि छताकडे बघून म्हटला की विसरा! घाडीच्या वेळी त्यांनी छतावरून नजर काढली असेल तर शपथ. त्यांचीही चूक नव्हती म्हणा. कंपनीत कुटुंब आणता येईल असं टेक्निकल पद एकच शिल्लक होतं, 'कृषी अभियंता', आणि ते खानोलकरांनी कुलुपात ठेवलं होतं. कुणासाठी, ते कळायला आम्हाला वर्ष लागलं.

माझा संताप व्हायचा. घरी येऊन भांडी आपटायची मी. माझा मुलगा तेव्हा चौथीत. शाळेत प्रत्येकानं आईच्या कामावर बोलायचं होतं. पठ्ठ्यानं वर्गात उभं राहून सांगितलं, "माय मॉम राइट्स व्हॉट पीपल आर. दे आर नॉट दॅट." टीचरनं मला बोलावून विचारलं, तुम्ही नक्की कुठे काम करता? मी म्हटलं, जंगलात. त्यावर तिनं पुढे विचारलंच नाही.

*

दसरा आला. खानोलकर साहेबांना अधूनमधून संस्कृतीचा झटका यायचा. "आपल्याच जंगलात शमी आहे आणि आपण ऑफिसात पूजा नाही करायची? शेम!" त्यांनी शिर्केला पिकअप देऊन पाठवलं. शिर्केनं पान-दोन पानं आणावीत की नाही? पोर्टफोलिओ मॅनेजर तो! त्यानं अख्ख्या फांद्याच तोडून आणल्या. ऑफिस म्हणजे मंडप झाला.

घाडी आत आला आणि बघतच राहिला. "कोणी तोडली ही?"

"अरे, शमी आहे! शुभ असते!"

"साहेब, घाफाची फांदी तोडायची तर फॉरेस्टरची लेखी परवानगी लागते. दंड नाही, कॉन्ट्रॅक्ट जाईल!"

"तू नको शिकवूस मला झाडं!" साहेब गरजले. "आय हॅव बीन अ फॉरेस्टर लाँग बिफोर यू!"

आणि देवाची करणी पाहा, दारात डॉक्टर उस्मान! आमच्या कुठल्याशा बिलाचं विचारायला आले होते. त्यांनी फांद्यांकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं, मग सावकाश खानोलकरांकडे पाहिलं.

"हे कापायची परवानगी कुठल्या फॉरेस्टरनं दिली? आत्ता ऐकलं, इथे एक आहेत. बिफोर एव्हरीबडी."

खानोलकर साहेबांनी दोन्ही हात वर केले. "नो नो, डॉक्टर! मी? आय ॲम ओन्ली फ्रॉम सेल्स!"

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य. डॉक्टरांनी त्या दिवशी ताकीद देऊन सोडलं. जाताना घाडीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या मुहंदिस, त्या झाडाच्या जखमेला काहीतरी कर." इकडे चहावालासुद्धा टाय दिसला की 'या मुहंदिस' म्हणतो, म्हणजे 'अहो इंजिनियर'. पण डॉक्टर उस्मान कुणालाच म्हणायचे नाहीत. खानोलकरांनी वळून पाहिलं, आपल्यामागे नक्की कोण उभं आहे म्हणून.

*

त्यानंतर कुलुपातलं पद बाहेर निघालं. साहेबांचा पुतण्या रोहित पुण्याहून आला. बी.बी.ए., केसांना जेल, आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारी केलेलं 'फॉरेस्ट लीडरशिप'चं सर्टिफिकेट. त्याला 'कृषी अभियंता' व्हिसा लागला. कसा लागला ते मला विचारू नका, मी फक्त टाइप केलं. घाडीनं ते पाहिलं, आणि त्या रविवारी तो माझ्या टेबलाशी आलाच नाही. मला वाटलं, येऊन दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोहितचा इंटरव्ह्यू डॉक्टर उस्माननी जंगलातच घेतला. आम्ही सगळे बरोबर. खानोलकर साहेब नवा सफारी घालून. एका ठिकाणी एक ओळच्या ओळ वाळलेली. पानं झडून बुंध्याशी पडलेली. डाव्या-उजव्या ओळी हिरव्यागार. पाण्याची नळी त्या ओळीच्या तोंडाशी तुटून बाजूला पडलेली, आणि त्या तोंडाशीच रोहित उभा.

"फॉरेस्टर," डॉक्टर म्हणाले, "या झाडांना काय झालंय?"

रोहितनं गॉगल काढला. झाडांकडे पाहिलं. पुन्हा घातला.

"ऑटम, सर."

एक हरीण कुंपणाशी उभं राहून बघत होतं.

"ऑटम," डॉक्टर म्हणाले. "फक्त याच ओळीत आलाय?"

"स्टार्ट इथूनच होतो, सर!"

घाडी खाली वाकला, नळीचं तोंड जोडलं, चावी फिरवली आणि हात झटकत म्हणाला, "घ्या. वसंत आला."

*

डॉक्टर उस्माननी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर मान्यतेचा फॉरेस्टर दाखवा, नाहीतर कंत्राट दुसऱ्याला. आता मात्र खानोलकर साहेबांना घाडीची आठवण झाली. मालकांच्या रागाची त्याहून आधी झाली होती!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घाडीला केबिनमध्ये बोलावलं. मला साक्षीला बसवलं. टेबलावर नवं कोरं पांढरं हेल्मेट, त्यावर हिरव्या रंगात 'फॉरेस्टर'. काय तो थाट!

"महेश, काँग्रॅच्युलेशन्स! आजपासून तू ऑफिशियली फॉरेस्टर. इंटरव्ह्यूला जा, मान्यता घे."

"आणि व्हिसा?"

बशीरभाईंनी घसा साफ केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कॉम्प्युटरमधल्या पदांच्या यादीत फॉरेस्टरच्या जवळचं जे होतं ते जंगल-कामगारात मोडत होतं. म्हणजे पुन्हा लेबर क्लास. डॉक्टर उस्मान एक वेळ ते चालवून घेतील, पण "फॅमिली नहीं आएगा."

"फॅमिलीचं आपण नंतर बघू," साहेब म्हणाले. "अरे, ज्यासाठी तू इतकी वर्षं भांडलास तेच तुला देतोय! हेल्मेट बघ तरी."

घाडीनं हेल्मेट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"साहेब, हेल्मेटावर बायकोचा व्हिसा लागत नाही."

"ॲटिट्यूड नको दाखवूस, घाडी!"

तेव्हा तो फुटला. "ॲटिट्यूड? ते पद मी काय चाटू? माझी पोरगी फोनवर मला 'अहो' म्हणते, साहेब! आजोबांचे मित्र येतात ना घरी, त्यांना म्हणते तसं. काल तिची आई म्हणाली, बाबा आहेत, बोल. तर म्हणते, कुठले बाबा? तुमचं कंत्राट राहो नाहीतर जावो. मी जातो गावी. झाडं तिकडे पण आहेत, आणि त्यांना नळ्या लागत नाहीत!"

मी खिडकीकडे तोंड केलं. रडू आलं मला, त्यात लाजायचं काय?

आता पेच असा, की द्यायचं तर रोहितचं पद द्यायला हवं. एकीकडे पुतण्या, दुसरीकडे कंत्राट. रक्ताचं नातं की नफा? खानोलकर साहेबांनी यावर फार गंभीरपणे विचार केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत! रोहित त्याच आठवड्यात पुण्याला परत गेला. हल्ली तो इंटरनेटवर स्वतःच्या नावाखाली 'माजी फॉरेस्ट इंजिनियर, अबुधाबी' असं लिहितो आणि वाळवंट या विषयावर व्याख्यानं देतो म्हणे.

घाडीच्या इंटरव्ह्यूला डॉक्टर उस्माननी काय विचारलं? काहीच नाही. दोघं जंगलात चक्कर मारून आले आणि पाठीवर वाळू घेऊन आले, म्हणजे कुठेतरी आडवे पडून मुळं बघत असणार. डॉक्टरांनी मान्यताही दिली आणि याचं शिक्षण 'कृषी अभियंता' पदाला साजेसं आहे, अशी शिफारसही.

काही आठवड्यांनी बशीरभाई आले आणि घाडीचा पासपोर्ट माझ्या टेबलावर उघडून ठेवला. छताकडे बघितलं नाही. "खलास," म्हणाले. काम झालं, या अर्थानं. हा शब्द मला आयुष्यात इतका गोड कधी लागला नव्हता.

घाडीनं पासपोर्ट डोळ्यांजवळ नेला. कपाळाला आठ्या. "कृषी अभियंता? मॅडम, पण मी इंजिनियर नाय! मी फॉरेस्टर!"

"गप बस रे!" मी ओरडले.

"या अल्ला, अब इसको क्या चाहिए?" बशीरभाई खुर्चीत कोसळले.

*

मनाली आणि सई आल्या त्या डिसेंबरात. मुसफ्फाजवळच एका जुन्या बिल्डिंगमध्ये घाडीनं बेडरूम-किचन घेतलं होतं. जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं, तर मी मनालीला आवर्जून बोलावलं. नवी आहे, चार बायकांच्या ओळखी होतील. घाडीच तिला आणि सईला दारात सोडून गेला. सई त्याच्या मानेला असा विळखा घालून बसली होती की सोडवेना. "बाबा, तू लवकर ये हां," म्हणाली. 'तू' म्हणाली!

आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्यांत सुमनताई असतात. सगळ्यांच्या लाडक्या, भारदस्त, कमी बोलणाऱ्या. सुमनताई म्हणजे खानोलकर साहेबांच्या मिसेस. पण त्यांना आडनावानं कुणी हाक मारत नाही, आणि ओळख करून देताना मीही नुसतं "या सुमनताई" म्हणून किचनमध्ये गेले. गडबडीत माझ्या डोक्यातच आलं नाही. मनालीला त्यांच्याच शेजारी जागा मिळाली.

मी तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर येते तो सुमनताई विचारत होत्या, "मिस्टर काय करतात तुमचे?"

"जंगलात असतात."

"कुठल्या पोस्टवर?"

"तां काय माका नीट सांगता येणार नाय," मनाली हसली. "आधी लोखंडाचं काहीतरी होतं, आता इंजिनियर झालेत म्हणतात. काम तेच करतात, नाव तेवढं बदलतं."

बायका हसल्या. मनालीला धीर आला. चांगलाच आला! जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "खरं सांगू ताई? ह्यांच्यावर एक साहेब आहे. खानोलकर म्हणून. त्याला कायएक येत नाही म्हणे. प्रत्येक गोष्ट ह्यांना विचारतो, आणि मग चार लोकांत आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगतो. गेली इतकी वर्षं फोनवर दुसरं ऐकलंच नाही मी. तुम्ही ओळखता का त्याला?"

माझ्या हातात ताट तसंच. ज्यांना माहीत होतं त्या सगळ्या बायका आपापल्या बांगड्या बघायला लागल्या.

सुमनताईंनी हात लांब करून माझ्या ताटातला एक तिळगूळ घेतला. तोंडात टाकला. शांतपणे चावून संपवला.

"ओळखते की," त्या म्हणाल्या. "घरीसुद्धा तसंच आहे."